जड म्हणजे कशापेक्षा जड?

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

मी भोर तालुक्यातून लिहितेय. आमची भातशेती आहे. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यमात. परवा घटक चाचणीत प्रश्न आला होता, 'लोखंडी खिळा पाण्यात बुडतो पण लोखंडाचे जहाज तरंगते, शास्त्रीय कारण लिहा.' तिने लिहिलं, 'जहाज आतून पोकळ असते. त्यात हवा असते. हवा हलकी असल्यामुळे ती जहाजाला वर उचलते.' दोनपैकी शून्य गुण मिळाले. घरी आली ती रडतच.

घनतेची गणितं ती चुकत नाही. वस्तुमान भागिले आकारमान, उत्तर बरोबर. पण तिच्या बाबांनी सहज विचारलं, बटाटा मधोमध कापला तर अर्ध्या बटाट्याची घनता किती? ती म्हणाली, निम्मी. मलाही तसंच वाटलं होतं. बाबा म्हणाले तसं नसतं, पण का नसतं ते त्यांनाही सांगता येईना. मग तिने मला विचारलं, 'आई, दारातला ओंडका मला हलत नाही, तरी तो नदीत तरंगतो. एवढासा खिळा बुडतो. मग जड वस्तू बुडते हे खोटंच ना?' क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, व्याख्या पाठ कर, परीक्षेत तेवढंच लागतं.

मी स्वतः कॉमर्सची. क्लास बदलू का? आणि घरी हे कसं समजावू?

एक आई

उत्तर

ताई, नमस्कार.

ओंडक्याचा आणि खिळ्याचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. पाठ केलेलं वाक्य आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांचा मेळ बसत नाही, हे तुमच्या लेकीच्या लक्षात आलंय. आठवीच्या वर्गावर मी बरीच वर्षं काढली. व्याख्या घडाघड म्हणणारी मुलं पुष्कळ भेटली, अशी अडून बसणारी थोडीच. तिचा प्रश्न बरोबर आहे, हे तिला माझ्याकडून आधी सांगा.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. 'जड वस्तू बुडते' हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. कशापेक्षा जड, ते सांगायचं त्यात राहून गेलंय. पुरं वाक्य असं: वस्तू तेवढ्याच पाण्यापेक्षा जड असेल तर बुडते. तेवढ्याच म्हणजे त्या वस्तूइतकीच जागा व्यापणाऱ्या पाण्यापेक्षा. 'तेवढ्याच पाण्यापेक्षा' हे दोन शब्द तिच्या हाती लागले की धड्याचा पाऊण भाग तिचा झाला.

तुमचा ओंडका ३० किलोचा आहे आणि त्याचं आकारमान ५० लिटर आहे असं धरा. ५० लिटर पाण्याचं वजन ५० किलो. म्हणजे ओंडका तेवढ्याच पाण्यापेक्षा २० किलोने हलका. म्हणून तरंगतो. खिळा फक्त १० ग्रॅमचा. पण त्या खिळ्याएवढं पाणी घेतलं तर ते जेमतेम सव्वा ग्रॅम भरेल. खिळा तेवढ्याच पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट जड. म्हणून बुडतो. ओंडक्याची तुलना खिळ्याशी करायचीच नाही. दोघांचीही पाण्याशी करायची. आपण 'जड' म्हणताना हातात घेऊन बघतो आणि ओंडका हाताला जड लागतो, यात काही खोटं नाही. मात्र नदीत तो ओंडका आपल्या हातावर नसतो, पाण्यावर असतो.

घनता ही याच तुलनेसाठी काढलेली सोय आहे. प्रत्येक वेळी 'तेवढंच पाणी' मोजत बसण्यापेक्षा सगळ्या वस्तूंचा एकसारखा तुकडा, एक घनसेंटिमीटरचा, मनात कापायचा आणि त्याचं वस्तुमान किती ते बघायचं. पाण्याचा तुकडा १ ग्रॅम, लोखंडाचा साधारण ७.८, ॲल्युमिनिअमचा २.७, पाऱ्याचा १३.६. तुमच्या स्वयंपाकघरात घनता छापील मिळते, हे तिला दाखवा. गोडेतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बहुधा '९१० ग्रॅम' असंही लिहिलेलं असतं. लिटरभर पाणी १००० ग्रॅम, लिटरभर तेल ९१०. पिशवी न फोडता पाण्याच्या बादलीत सोडा. काय होईल ते आधी तिलाच सांगू दे.

'आधी तिलाच सांगू दे' हे मी मुद्दाम लिहितेय. प्रयोग करून दाखवला आणि 'बघ, तरंगलं' म्हटलं, तर मुलं बघतात आणि विसरतात. आधी अंदाज बोलून दाखवला आणि तो चुकला, तर ती गोष्ट मनात रुतते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे पाण्याचं भांडं आणि तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू ठेवून, कोणती तरंगेल आणि का, हेच विचारलं होतं. लहान मुलं म्हणतात 'ती मोठी आहे म्हणून', नंतर 'जड आहे म्हणून', आणि आकारमान व वस्तुमान या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणं बऱ्याच मुलांना बारा-तेराच्या आसपास जमायला लागतं. घनता हे गुणोत्तर आहे. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. त्यामुळे भागाकार बरोबर येणं आणि घनता कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची लेक या दोहोंच्या मधल्या पायरीवर उभी आहे.

बटाट्याकडे येऊ. हा प्रयोग घरी नक्की करा, याच्याइतका चांगला दुसरा मला माहीत नाही. ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा लागेल. घरी नसेल तर वाण्याकडून तासाभरासाठी मागून आणा. बटाट्याचं वजन करा, समजा १५० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. बटाटा दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये; दोरा हातात धरून ठेवायचा. काट्यावर १४० च्या आसपास आकडा दिसेल. हा आकडा म्हणजे बटाट्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे ग्रॅम, म्हणजेच बटाट्याचं आकारमान मिलिलिटरमध्ये. १५० भागिले १४०, म्हणजे १.०७. आता बटाटा मधोमध कापा आणि अर्ध्याचं हेच सगळं पुन्हा करा. ७५ आणि ७०. भागाकार पुन्हा १.०७. वस्तुमान निम्मं झालं हे तिचं बरोबरच होतं, फक्त आकारमानही निम्मं झालं हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. तुमच्याही. अर्धा बटाटा अर्ध्याच पाण्याशी तुलना करायला उभा राहतो.

तोच दोरा एखाद्या काळ्या दगडाला बांधा. आपल्या सह्याद्रीचा भोकं नसलेला कातळ असेल तर उत्तर २.८ ते ३ च्या दरम्यान येईल. आणि दगड पाण्यात लोंबकळत असताना तिला विचारा: दगडाचा भार दोऱ्यावर आहे, तो तळाला टेकलेलाही नाही, मग काट्यावरचा आकडा वाढला कसा? इथून पुढे तिला पाण्याचा हात दिसायला लागेल.

पाण्याच्या या वर ढकलणाऱ्या जोराला पाठ्यपुस्तकात प्लावक बल म्हटलंय. तुमच्याकडे आड असेल तर याची ओळख तुम्हाला लहानपणापासून आहे. भरलेला पोहरा पाण्यात असेपर्यंत सहज वर येतो आणि पाण्याबाहेर आला की एकदम खांद्याला ओढ बसते. पोहऱ्यातलं दहा लिटर पाणी आत असतानाही दहा किलोचंच होतं. ते भोवतालच्या पाण्याने उचलून धरलं होतं, इतकंच. (आडावर तिला एकटीला पाठवू नका. बादलीतही कळेल.) घट्ट झाकणाचा लिटरभराचा रिकामा डबा बादलीत खाली दाबायला सांगा. अर्धा आत जाईपर्यंत अर्धी ताकद, पूर्ण जाताना जवळजवळ किलोभराचा जोर. पूर्ण बुडाल्यावर मात्र आणखी खाली दाबला तरी जोर वाढत नाही. खोल गेलं की पाणी जास्त वर ढकलतं, असं बऱ्याच मुलांना आणि काही शिक्षकांनाही वाटतं. तसं नाही, हे तिच्या तळव्यालाच कळू दे.

पाणी नेमकं किती जोराने उचलतं? इथे मी मुलांना एक कल्पना करायला सांगायचे. बादलीतल्या शांत पाण्यात दगडाच्या आकाराचा पाण्याचाच एक गोळा मनात आखा. तो खाली जात नाही, वरही येत नाही. त्याला वजन आहे, तरी जागच्या जागी आहे. म्हणजे भोवतालचं पाणी त्याला बरोबर त्याच्या वजनाइतक्या जोराने तोलून धरतंय. आता तो गोळा काढून त्या जागी तंतोतंत त्याच आकाराचा दगड ठेवा. भोवतालच्या पाण्याला आत काय आलं ते ठाऊक नाही. त्याचा दाब खालून जास्त, वरून कमी, जसा होता तसाच. म्हणून ते दगडालाही तेवढ्याच जोराने उचलणार, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतक्या. दगड त्याहून जड असेल तर उरलेलं वजन त्याला खाली नेईल. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. दोन्हीकडे 'तेवढंच पाणी' येतं हे तिला दाखवा; घनता आणि प्लावक बल हे धड्यात दोन मथळे असले तरी गोष्ट एकच आहे.

आर्किमिडीज म्हटलं की वर्गात न्हाणीघराची आणि मुकुटाची गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, मुलांना आवडते, पण ती आर्किमिडीजच्या लिखाणात नाही. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रूव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने ती लिहिली. आणि त्या गोष्टीत सांडलेल्या पाण्यावरून मुकुटाचं आकारमान काढलंय, पाण्याच्या जोराचा त्यात विषयच नाही. तत्त्वाच्या नावाखाली ती गोष्ट सांगितली की मुलांच्या मनात दोन्हींची सरमिसळ होते. मला विचाराल तर मराठी मुलांसाठी आपल्याकडची गोष्ट जास्त उपयोगाची आहे. पुण्याजवळ भीमा, भामा आणि इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे. सतराव्या शतकात आदिलशाहीतला सरदार मुरार जगदेव याला हत्तीची तुला करायची होती. एवढा तराजू कुठून आणायचा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचवली, असं सांगतात. हत्तीला नावेत चढवलं, नाव जिथवर बुडाली तिथे खूण केली. हत्तीला उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले आणि मग दगड तोलले. त्या तुलेवरूनच गावाला तुळापूर नाव पडलं म्हणतात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, हा नियम त्या खुणेत आहे. तुमच्यापासून तुळापूर एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे.

जहाजाचा घोळ आता सुटेल. स्टीलची वाटी घ्या, समजा ८० ग्रॅमची आणि काठोकाठ १५० मिलिलिटर पाणी मावणारी. ती पाण्यावर अलगद ठेवली की खाली जायला लागते आणि जाता जाता पाणी बाजूला सारते. ८० ग्रॅम पाणी बाजूला सरलं की तिथेच थांबते, कारण आता पाण्याचा जोर तिच्या वजनाइतका झाला. काठ अजून बराच वर आहे. तिला विचारा, वाटीत किती ग्रॅम तांदूळ घातले तर ती बुडेल? हिशोब तिला येईल: १५० वजा ८०, म्हणजे साधारण ७०. वाटीच्या पत्र्याचीही थोडी जागा असते म्हणून प्रत्यक्षात किंचित जास्त मावतील. अंदाज लिहून ठेवायला सांगा आणि मग चमच्या-चमच्याने तांदूळ घालू दे. आपण कागदावर काढलेल्या आकड्याजवळ वाटी खरोखर बुडते, हे पाहताना मुलांचे चेहरे कसे होतात ते मी विसरलेले नाही. ॲल्युमिनिअमच्या कागदाची होडी आणि गोळा हा प्रयोगही पुस्तकांतून असतो. तो करताना एक काळजी घ्या. नुसत्या चुरगळलेल्या गोळ्यात हवा अडकते आणि तोही तरंगतो, मग पोर आणखी गोंधळतं. घड्या घालून बत्त्याने नीट ठेचला तरच तो बुडतो.

आता त्या शून्य गुणांच्या उत्तराविषयी. 'पोकळ असते' हे तिचं अगदी बरोबर होतं. चूक एकच, हवा जहाजाला उचलत नाही. उचलतं पाणी. हवा फक्त पाण्याला आत येऊ देत नाही आणि स्वतः जवळजवळ काही वजन घालत नाही. ती सगळी हवा काढून आत निर्वात जागा ठेवता आली असती, तर जहाज किंचित वरच आलं असतं. लोखंडाची घनता जहाजातही तीच, ७.८. पण पाण्याशी तुलना एकट्या लोखंडाची होत नाही. पाण्याखालच्या भागाने जी जागा अडवली तिची होते, आणि त्या जागेत लोखंड थोडं, मोकळी पोकळी फार. बाईंनी त्या उत्तराला एक गुण द्यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. पण भांडायला जाऊ नका. लेकीला वही घेऊन स्वतः जाऊ दे आणि विचारू दे, 'बाई, यातलं कोणतं वाक्य चुकलं?' एवढं विचारलं तर बहुतेक शिक्षक सांगतात. पुढच्या परीक्षेसाठी उत्तर असं लिहायला सांगा: 'खिळ्याचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनापेक्षा जास्त असते, त्यामुळे प्लावक बल अपुरे पडून तो बुडतो. जहाज पोकळ असल्यामुळे पूर्ण बुडण्याआधीच आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, प्लावक बल त्याच्या वजनाइतके होते, म्हणून ते तरंगते.' वाटीचा प्रयोग झाल्यावर हे पाठ करावं लागणार नाही.

क्लासचं म्हणाल तर या एका धड्यासाठी बदलू नका. मात्र प्रत्येक प्रश्नाला 'पाठ कर' हेच उत्तर मिळत असेल, तर त्या क्लासची फी वाचवा आणि वजनकाटा विकत घ्या. तो पुढे दहावीपर्यंत उपयोगी पडेल.

आणि ताई, 'मी कॉमर्सची' असं लिहिलंत म्हणून सांगते. पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायची शिफारस तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. वर तरंगणारं पोचट आणि रोगट बी काढून टाकायचं, तळाला बसलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ कशाला? साध्या पाण्यात अर्धवट भरलेला दाणाही बुडतो. मीठ विरघळलं की तेवढंच पाणी थोडं जास्त जड होतं, आणि जो दाणा काठावर होता तो वर येतो. घनतेच्या एवढ्याशा फरकावर तुमच्या घरात बियाणं निवडलं जातं. डेअरीवर दुधात सोडतात तो लॅक्टोमीटरही हेच काम करतो. पाणी घातलेल्या दुधात तो जास्त खोल बुडतो. येत्या हंगामात बियाणं टाकायला लेकीला सोबत घ्या, आणि मीठ घालण्याआधी एकदा साध्या पाण्यातही टाकून बघा.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली अर्धवट गोठली की गोठलेला भाग कुठे बसतो, तेही तिला पाहायला सांगा. तो तळाला असतो. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात, पाणी गोठताना फुगतं. बर्फाची घनता ०.९२ च्या आसपास. हे वेगळेपण तिला एकाच वेळी समजावत बसू नका, नुसतं दिसू दे.

शेवटी तिच्यासाठी एक प्रश्न देते. उत्तर मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही शोधून सांगू नका. वाडगं जेमतेम मावेल एवढ्याच रुंदीचं पातेलं घ्या. त्यात पाणी घाला, वाडगं तरंगत सोडा आणि वाडग्यात मूठभर दगड ठेवा. पातेल्याच्या आतून पाण्याच्या पातळीला पेनाने खूण करा. आता दगड वाडग्यातून काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकायचे आणि रिकामं वाडगं पुन्हा तरंगत ठेवायचं. पातळी खुणेच्या वर जाईल, खाली येईल, की तिथेच राहील? आधी तिने उत्तर आणि कारण वहीत लिहायचं, मग तुम्ही तुमचं, मग तिच्या बाबांनी. तिघांची उत्तरं आणि पातेल्यात काय झालं ते मला कळवा.